दुभाषी शाळा आणि रोजचा प्रवास

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारचे तालुके. मध्ये भीमा नदी. दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन, शिरूर मात्र सर्वस्वी रस्त्यावर विसंबून. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे पती एका वाटेने तर पत्नी दुसऱ्या वाटेने कामावर, अशी कुटुंबे येथे आढळतात. मुलाला गावच्या शाळेत घालावे की दूरच्या सेमी-इंग्रजी शाळेत, हा प्रश्न अशा घरांत हमखास निघतो.

सेमी-इंग्रजीत सामान्यतः गणित व विज्ञान इंग्रजीतून, उर्वरित विषय मराठीतून शिकविले जातात. तथापि पाटीवरील शब्दापेक्षा ते विषय इंग्रजीतून शिकविणारा शिक्षक वर्गात आहे काय, हे पाहणे अगत्याचे होय. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. सहा-सात वर्षांच्या बालकास पहाटे उठवून बसमध्ये बसविण्याचे समर्थन करणे कठीणच!

सेमी-इंग्रजीची मागणी जवळच्या शाळेतही करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते.

पुढील इयत्तांसाठी दूर जाणे अटळ ठरल्यास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. मात्र शाळा सुटण्यापूर्वीच गाडी निघून गेली तर पास दप्तरातच राहतो व मुलीची शाळा सुटते. वेळापत्रकाविषयी आगाराशी पत्रव्यवहार ग्रामपंचायतीने जूनपूर्वीच करावा.