जुन्या जीपची नाडीपरीक्षा

दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. भारत स्वतंत्र झाल्यावर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी आणि पुढे निर्मितीही हाती घेतली. तेव्हापासून ही चार चाकांनी ओढणारी गाडी घाटरस्त्यांवर, शेतांच्या बांधांवर आणि सरकारी कचेऱ्यांच्या अंगणांत सर्वांच्या ओळखीची झाली. त्या घडणीच्या काही जीपगाड्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. मात्र वय झाले की माणसाप्रमाणे यंत्रही कुरकुरू लागते. ही कुरकुर नेमकी कोठून येते, हे ओळखण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे. वाचकहो, तिचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

प्रथम आवाज आपल्याला का चकवतो ते पाहू. आवाज डाव्या कानाशी आधी पोहोचला की उजव्या, या सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प अशा फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवितो. परंतु ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पोलादातून सुमारे 5000 मीटर. जीपच्या मागील भागात उठलेला आवाज पोलादी सांगाड्यातून क्षणार्धात पुढे येतो आणि एखाद्या सैल पत्र्याला थरथरवितो. ऐकणाऱ्याला वाटते, दोष पायाखालीच आहे! म्हणून केवळ कानावर विसंबून सुटे भाग बदलीत सुटणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला प्रकार होय.

यासाठी शक्तीचा मार्ग ध्यानात घ्यावा. इंजिनाची गती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तेथून ती ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीत येते. या पेटीतून एक लांब फिरता दांडा मागील आसाकडे आणि दुसरा पुढील आसाकडे जातो. या दांड्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. आसाच्या मध्यावरील डिफरेन्शियलमधील दंतचक्रे ती गती वळवून चाकांना देतात. आवाज या साखळीतील कोणत्या कडीचा, एवढाच प्रश्न आहे.

आधी आसनाखालची हत्यारे, जॅक, मागील फळीच्या साखळ्या असे खुळखुळणारे सर्व सामान काढून ठेवावे. पुष्कळ आवाज येथेच निमतात. त्यानंतर गाडीला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवल्यास आवाज येतो काय? येत असेल तर दोष इंजिनात, क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा. फ्रान्समधील वैद्य लायनेक यांनी 1816 साली रोग्याच्या छातीतील आवाज ऐकण्यासाठी नळी वापरली. आपले मिस्त्री लांब पेचकसाचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून तेच करतात.

दुसरा प्रश्न : आवाज इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये यावे. इंजिन आता अधिक जोराने फिरेल, पण प्रोपेलर शाफ्ट आणि चाके पूर्वीच्याच गतीने फिरतील. आवाजाची लय तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष समजावे.

तिसरा प्रश्न : वळणावर आवाज बदलतो काय? डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. अशा वेळी घरघर वाढली, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

येथवर आल्यावर गणित मदतीला येते. जीपच्या 16 इंची रिमवरील जुन्या धर्तीच्या टायरचा परिघ सुमारे 2.2 मीटर असतो. म्हणजे ताशी 8 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण एक फेरा घेते. नागरी जीपच्या अनेक नमुन्यांत चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्टचे 5.38 फेरे होतात. चाकावर खडूची खूण करावी, गाडी अगदी हळू चालवावी आणि बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्याने मोजावे. चाकाच्या फेऱ्यागणिक एकदाच आवाज आला, तर तो चाकाचा, टायरचा किंवा ब्रेकच्या ड्रमचा. पाचच्या आसपास किंवा त्याच्या दुप्पट वेळा ‘चिक् चिक्’ ऐकू आले, तर तो प्रोपेलर शाफ्टचा.

या शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांचे नाव या सांध्याला दिले जाते. खड्ड्यांतून आस वरखाली होत असतानाही गती अखंड पोहोचावी, हे त्याचे काम. त्याच्या मध्यभागी चार हातांचा क्रॉस असतो आणि प्रत्येक हात सुईसारख्या बारीक रुळांवर डुलतो. ओढ्यातून गाडी गेली, पाणी आत शिरले आणि ग्रीस नाहीसे झाले, की हे रूळ गंजतात. आधी चिमणीसारखी चिवचिव सुरू होते, मग गाडी मागेपुढे करताना ‘खट्’ असा ठोका बसू लागतो. विशेष म्हणजे, ज्या जुन्या जीपच्या पुढील चाकांना सुटे करता येणारे हब नसतात, तीत दोनच चाकांना शक्ती दिली असतानाही पुढील शाफ्ट फिरतच राहतो. म्हणून पुढील सांधेही तपासलेच पाहिजेत.

तपासणी सपाट जागी, इंजिन बंद करून, चाकांना पुढून व मागून भक्कम ठोकळे लावून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसमध्ये खेळ जाणवला किंवा त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर चोर सापडला.

एवढ्याशा चिवचिवीचा इतका बाऊ कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जीपच्या रचनेतच आहे. या जुन्या जीपमध्ये हातब्रेक मागील चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. गाडी दोन चाकांच्या जोडणीत उतारावर उभी आहे आणि मागील सांधा तुटला, असे समजा. त्या क्षणी इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतोच, पण हातब्रेकचाही तुटतो! गिअर घातलेला असो वा हातब्रेक ओढलेला असो, गाडीला धरणारे काहीच उरत नाही. चालक खाली उतरलेला असेल, तर पायाचा ब्रेक दाबणार कोण? आणि आत मुले बसली असतील तर?

नवा क्रॉस ही फार मोठ्या खर्चाची वस्तू नव्हे, आणि वेळच्या वेळी ग्रीस देण्याचा खर्च त्याहूनही अल्प. ज्याने लक्ष देऊन ऐकले, मोजले आणि एकेक शक्यता गाळीत नेली, त्याला ही सूचना घाट चढण्यापूर्वीच मिळते.