पहिली जागा घेताना : इसार देण्याआधीचे दिवस

मंडळी, "जागेत पैसे टाकायचेत, कुठे टाकू?" हा प्रश्न आम्हाला दर व्याख्यानानंतर कुणी ना कुणी विचारतंच. पुण्याच्या बाहेर की गावाकडे? फ्लॅट की प्लॉट? आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने जागा आधीच बघितलेली असते, मनात भरलेलीही असते. त्याला फक्त आमच्याकडून "घ्या" एवढंच ऐकायचं असतं.

म्हणून आज "कुठे" बाजूला ठेवू. जागा आवडल्यापासून इसाराची रक्कम हातातून सुटेपर्यंत जे चार-आठ दिवस मिळतात, त्यांत काय करायचं एवढंच बोलू. आमच्या अनुभवात नवख्या माणसाचे पैसे बुडतात किंवा वाचतात ते याच दिवसांत. नंतर वकील असतात, तारखा असतात, पण तेव्हा जोर समोरच्याच्या बाजूला गेलेला असतो.

आधी आमचीच गोष्ट सांगतो. २००९ साली आम्ही दोघांनी शहरापासून तासाभराच्या अंतरावर दोन गुंठे घेतले. तीन लाखांना. गावाकडे शेती असल्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला होता, तेव्हा शेतजमीन घ्यायला अडचण नव्हती. चुन्याच्या रेषा आखलेल्या, रस्त्याची खूण केलेली, कोपऱ्यात आमच्या नंबरचा दगड. विकणाऱ्याने सांगितलं, "सातबाऱ्यावर तुमचं नाव लागणार." आणि खरंच लागलं! सातबारा हातात आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

त्या सातबाऱ्यावर आमच्याबरोबर आणखी पाच नावं होती. ११ गुंठ्यांचा तुकडा सहा जणांना मिळून एकाच खरेदीखताने विकलेला. पाच जणांचे दोन-दोन गुंठे, एकाचा एक. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येकाचा दगड वेगळा होता ना!

आता यामागचं गणित समजून घ्या. महाराष्ट्रात शेतजमिनीचे तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा १९४७ पासून आहे. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा स्वतंत्रपणे विकता येत नाही. मग विकणारे काय करतात, तर मोठा तुकडा अनेकांना मिळून विकतात. कागदावर ती सगळ्यांची सामाईक जमीन असते. कुणाचा हिस्सा कुठे हे कागदावर कुठेच नसतं, फक्त चुन्यात असतं. आणि चुना पहिल्या पावसात वाहून जातो.

२०१९ साली मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, म्हणून आम्ही ती जागा विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, जागा आवडली, भाव ठरला. त्याच्या वकिलाने सातबारा पाहिला आणि विचारलं, "मोजणीचा नकाशा कुठाय? बाकीच्यांची संमती?" सहांपैकी एक गृहस्थ तोवर वारले होते, त्यांच्या चार वारसांची नावं लागलेली. म्हणजे आमच्याशिवाय आठ जण. त्यातले दोघे फोन उचलत नव्हते. गिऱ्हाईक गेलं. बँकेने त्या जागेवर कर्ज द्यायला नकार दिला. शेवटी शिक्षणासाठी सोनं मोडलं. जागा अजून आमच्या नावावर आहे, भावही वाढलाय म्हणतात, पण त्या वाढलेल्या भावाचा एक रुपया आम्हाला दिसलेला नाही.

तुकडेबंदीत पुढे बरेच बदल झाले. २०१७ पासून जुने व्यवहार नियमित करण्याची तरतूद आली, अलीकडे ती आणखी सैल झाली. पण सवलत कोणत्या हद्दीत, कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहाराला, हे त्या-त्या गटनंबरासाठी तपासावं लागतं. "आता कायदाच उठलाय, साहेब" असं कुणी म्हणालं की त्याला तेच वाक्य लिहून, सही करून मागा.

तर सातबारा वाचायचा कसा? गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा होतो. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पिकं काय. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स घेऊ नका, तुम्ही स्वतः काढा. लाखांच्या व्यवहारात १५ रुपये वाचवणारी माणसं आम्ही पाहिलीत.

पहिली नजर "भोगवटादार वर्ग" वर. वर्ग १ असेल तर मालकाला विकायला सहसा मोकळीक असते. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. अशी जमीन स्वस्त मिळते, आणि स्वस्त का मिळते हे नवख्याला नंतर कळतं.

दुसरी नजर नावांवर. एखाद्या नावापुढे "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.पु." असं लिहिलेलं दिसेल. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब पुढारी. म्हणजे नाव थोरल्याचं असलं तरी जमीन त्याच्या एकट्याची नाही, भावांचीही आहे. आणि बहिणींची? २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. पण कित्येक उताऱ्यांवर बहिणींची नावं लागलेलीच नसतात. "ताईंचं काही म्हणणं नाही हो, त्या सासरी सुखात आहेत," असं विकणारा सांगतो. ताईंना आपण भेटलोय का? त्यांची खरेदीखतावर सही आहे का, नसेल तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र आहे का? हे विचारायला संकोच वाटतो, कारण समोर चहा आलेला असतो. संकोच करू नका, चहा घ्या आणि विचारा.

तिसरी नजर "इतर हक्क" या रकान्यावर. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, कोर्टातल्या दाव्याची नोंद, सगळं तिथे बारीक अक्षरात असतं. आणि मग फेरफार. सातबाऱ्यावर गोल कंसात जे आकडे दिसतात ते फेरफार नोंदींचे क्रमांक. प्रत्येक आकडा म्हणजे एक घटना: कुणी वारलं, कुणी विकलं, कुणी कर्ज काढलं. ते जुने फेरफार काढून ओळीने वाचले की जमिनीची वंशावळ समोर येते. जोडीला नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. वकील आपला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आणखी एक. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. "आधी घ्या, एनए नंतर करून देतो" ही ऑफर असेल तर आदेश बघायला मागा, अर्जाची पोच नव्हे. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा, दोन्ही हवेत. आणि त्या नकाशात आपला प्लॉट क्रमांक सापडला पाहिजे.

फ्लॅटच्या बाबतीत कागदांचं काम थोडं सोपं झालंय, ते रेरामुळे. कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असे लहान प्रकल्प सोडले, तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही ते लागू आहे. महारेराच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख, ती कितीदा पुढे ढकलली, दावे कोणते, सगळं बघता येतं. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. तुमच्याकडे २० टक्के "बुकिंग" मागितलं, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही. आणि हो, एजंटचीही रेरा नोंदणी लागते. तो क्रमांक विचारा, चेहऱ्याकडे बघत विचारा!

पण फ्लॅटमध्ये नवखा माणूस फसतो तो कागदांपेक्षा हिशेबात. इथे जरा वही काढा.

समजा पुण्यात ५० लाखांचा तयार फ्लॅट आहे, भाडं १५ हजार. सगळे म्हणतात, "भाड्यातून हप्ता निघतो." बघू या. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. (घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते.) नोंदणी फी ३० हजार. झाले ५३ लाख ८० हजार. कर्ज घेऊ ४० लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे आणि मुद्रांक शुल्क सहसा त्यात धरत नाहीत. म्हणजे खिशातून गेले १३ लाख ८० हजार.

व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं धरली तर हप्ता येतो सुमारे ३४,७००. भाडं वर्षाला १ लाख ८० हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च ३० हजार, घरपट्टी १० हजार, एक महिना घर रिकामं राहिलं १५ हजार, नळ-रंग-गिझर १० हजार. उरले १ लाख १५ हजार. महिन्याला साधारण साडेनऊ हजार. हप्ता ३४,७००! म्हणजे दर महिन्याला २५ हजार पगारातून टाकायचे.

"पण ते पैसे घरातच जातात ना?" पूर्ण नाही जात. पहिल्या वर्षी हप्त्यांचे एकूण ४ लाख १६ हजार भरले, त्यातले ३ लाख ३७ हजार व्याजात जातात. तुमचे १३ लाख ८० हजार बँकेत मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर ९० हजार मिळाले असते, तेही गेले. व्याज आणि हे ९० हजार मिळवा, त्यातून भाड्याचे १ लाख १५ हजार वजा करा. राहतात सुमारे ३ लाख १२ हजार. म्हणजे फ्लॅटचा भाव पहिल्या वर्षात सव्वासहा टक्क्यांनी वाढला तर तुम्ही जिथे होतात तिथेच आहात. मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख अजून भरून निघायचेच आहेत. यात आयकर धरलेला नाही, तो ज्याचा-त्याचा वेगळा.

म्हणजे फ्लॅट घेऊच नये का? असं आम्ही म्हणत नाही. स्वतः राहायचं घर असेल तर हा हिशेबच वेगळा, तिथे भाडं वाचतं आणि मन शांत राहतं. पण गुंतवणूक म्हणून घेताय, तर त्या भागात सव्वासहा टक्क्यांच्या वर भाव का वाढेल याचं कारण तुमच्याकडे हवं. "मेट्रो येणार आहे" हे कारण विकणाऱ्यालाही माहीत असतं, आणि ते त्याने भावात आधीच धरलेलं असतं. नोकरी गेली तर ते २५ हजार किती महिने भरू शकाल, तेही लिहून काढा. सहा महिने तरी निघत नसतील तर थांबा.

भाड्याने देताना करार नोंदवाच. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्याहून जास्त लावत असतील तर पत्र लिहा.

ज्यांच्याकडे दोन-तीन लाखच आहेत, त्यांनी त्यासाठी गुंठेवारीच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत. शेअर बाजारात रीट नावाचा प्रकार २०१९ पासून आहे. मोठ्या ऑफिस इमारती किंवा मॉल यांच्या भाड्यात आपला छोटा वाटा. एक युनिटसुद्धा घेता येतं आणि वाटपायोग्य रोकडीतले किमान ९० टक्के वाटावे लागतात. भाव खालीवर होतो, हमी कसलीच नाही. पण विकायला सहहिस्सेदारांची सही लागत नाही, हे आमच्यासारख्यांना फार मोलाचं वाटतं!

आता वेळ संपत आलीय, एकच प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई विचारतायत: ५१ हजार इसार रोख देऊन झालाय, पावती साध्या कागदावर आहे, पुढचे दोन लाख शनिवारी रोखच मागितलेत. ताई, शनिवारचे दोन लाख देऊ नका. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. आता इथून पुढे एक रुपयाही खात्यातूनच जाऊ दे. उद्याच विकणाऱ्याला साधं पत्र लिहा: मूळ खरेदीखत, फेरफार, मोजणीचा नकाशा, सर्व सहहिस्सेदारांची संमती, एवढं दाखवल्यावर पुढची रक्कम देऊ. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तो चिडेल, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणेल. म्हणू द्या. पावती आणलीय का? गटनंबर आहे का तिच्यावर? असेल तर कार्यक्रम संपल्यावर इथेच मोबाईलवर सातबारा काढून बघू. नसेल, तर विकणाऱ्याला आज रात्री फोन करून आधी गटनंबर मागा.