लंडनचे वार्तापत्र : हीथ्रोचा एकच गल्ला

विमानतळ खासगी मालकाच्या हाती गेला की तो विमान कंपन्यांकडून, आणि पर्यायाने प्रवाशांकडून, मनाला येईल तेवढे पैसे उकळणार, आणि बाजारपेठेचा जप करणाऱ्या ब्रिटनमध्ये तर त्याला जाब विचारणारेही कोणी नसणार, अशी समजूत महाराष्ट्रातील वाचकांत सर्रास आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. हीथ्रो विमानतळात ब्रिटिश सरकारची आज एका पेनीचीही मालकी नाही, त्याचे भागधारक फ्रान्स, सौदी अरेबिया, कतार असे देशोदेशींचे आहेत. तरीही त्याने विमान कंपन्यांकडून दर प्रवाशामागे सरासरी किती आकार घ्यावा, याची कमाल मर्यादा नागरी विमान वाहतूक प्राधिकरण, म्हणजे सीएए, ठरवून देते. ही मर्यादा 2023 साठी 31.57 पौंड होती आणि 2024 साठी ती 25.43 पौंडांवर आणण्यात आली. धावपट्टीवर उतरण्याचे, विमान उभे करण्याचे आणि निघणाऱ्या प्रवाशामागचे अशी तिन्ही शुल्के या मर्यादेत बसवावी लागतात. त्यातही जास्त गोंगाट आणि धूर करणाऱ्या विमानाला उतरण्याचे जास्त पैसे पडतात.

या व्यवस्थेचे मूळ 1987 मध्ये आहे. त्या वर्षी थॅचर सरकारने लंडनचे तिन्ही मोठे विमानतळ बाळगणारी बीएए ही कंपनी भागविक्रीने खासगी केली आणि स्टीफन लिटलचाइल्ड या अर्थतज्ज्ञाने टेलिफोन कंपनीसाठी सुचवलेले सूत्र तिला लावले: दरवाढ महागाईच्या दरापेक्षा ठरावीक टक्क्यांनी कमीच राहील, आणि खर्चात काटकसर करून जे वाचेल ते काही वर्षे कंपनीचे. कागदावर हे सूत्र एका ओळीचे आहे. त्याची अंमलबजावणी मात्र हजारो पानांची झाली आहे.

भारतीय वाचकाला हेवा वाटावा अशी बाब पुढे आहे. हीथ्रोवर ‘एकच गल्ला’ पद्धत चालते. अत्तराच्या आणि घड्याळांच्या दुकानांचे भाडे, वाहनतळाचे पैसे, असे सगळे बिगर-विमान उत्पन्न एकाच गल्ल्यात धरून एकूण खर्चातून वजा करतात आणि उरलेली रक्कमच विमान कंपन्यांकडून वसूल होऊ देतात. स्लाउ किंवा हाउन्स्लो येथील एखादे मराठी कुटुंब आई-वडिलांना मुंबईच्या विमानावर सोडायला आले, की मोटार दारापाशी क्षणभर थांबवल्याबद्दलही त्यांना काही पौंड मोजावे लागतात. टोलनाका दिसत नाही, कॅमेरा नंबर टिपून घेतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे भरले नाहीत तर दंडाची नोटीस घरी येते. ही आकारणी चीड आणणारीच आहे, परंतु मर्यादा ठरवताना असे उत्पन्न हिशेबात धरावे लागते. मुंबईत 2006 च्या कराराने बिगर-विमान उत्पन्नाचा फक्त 30 टक्के हिस्सा शुल्क कमी करण्यासाठी वापरला जातो, आणि 2016 च्या राष्ट्रीय धोरणाने हाच मार्ग इतर विमानतळांना नेमून दिला. सहार येथे प्रवाशाने प्यायलेल्या महागड्या कॉफीतून विमानतळाला मिळणाऱ्या पैशांतील उरलेला 70 टक्के भाग या हिशेबाबाहेरच राहतो, आणि ‘यूडीएफ’ म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क मात्र तिकिटात आपोआप मिसळून जाते.

भांडणाची रीतही निराळी आहे. प्रवासी कमी येतील असा अंदाज मांडला की दर माणशी आकार वाढतो, म्हणून हीथ्रोवर अंदाजावरूनच हातघाई होते. पुढील पाच वर्षांचे दर ठरायचे असताना विमानतळाने 2022 साठी 4 कोटी 55 लाख प्रवाशांचा अंदाज वर्तवला. त्याच उन्हाळ्यात गर्दी आवरेना म्हणून निघणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला एक लाखाची मर्यादा घातली, जी मानायला एमिरेट्सने जाहीर नकार दिला. आणि वर्षअखेर प्रत्यक्ष आकडा 6 कोटी 16 लाख भरला. कंपन्यांनी हेतुपुरस्सर निराशावादाचा आरोप केला, विमानतळाने तो फेटाळला, अंतिम दर जाहीर होताच दोन्ही पक्ष स्पर्धा प्राधिकरणाकडे अपिलात गेले आणि तेथे ऑक्टोबर 2023 मध्ये सीएएचा निर्णय बहुतांशी कायम राहिला. भारतात अंदाज चुकला तर त्याची भरपाई पुढील कालखंडाच्या दरांत केली जाते, त्यामुळे आकड्यावरून एवढ्या त्वेषाने भांडण्याचे कोणाला कारणच उरत नाही.

मात्र लंडनच्या या आत्मसंतुष्ट काटेकोरपणाला एक मोठे भोक आहे. हीथ्रोवर वर्षाला 4 लाख 80 हजार उड्डाणांचीच परवानगी असल्याने उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळेची जागा, म्हणजे स्लॉट, टंचाईची आहे, आणि टंचाई असली की शुल्कातील बचत तिकिटात उतरण्याऐवजी अशी जागा बाळगणाऱ्या विमान कंपनीच्या खिशात राहण्याचा संभव जास्त. ओमान एअरने 2016 मध्ये उतरण्या-उडण्याच्या एका जोडजागेसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले होते. हा पैसा विमानतळाकडे जात नाही, जागा विकणाऱ्या कंपनीकडे जातो. कायद्याने सीएएचे पहिले कर्तव्य प्रवाशांप्रति आहे, हे लक्षात घेता ही विसंगती ब्रिटिशांना जितकी टोचायला हवी तितकी टोचत नाही.

तरीही एक धाडस त्यांनी केले, जे मुंबईला सुचलेले नाही. तिन्ही विमानतळ एका मालकाकडे असल्याने स्पर्धा मरते, असे ठरवून स्पर्धा आयोगाने 2009 मध्ये बीएएला गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकायला लावले. पुढे स्टॅनस्टेडवरील दरनियंत्रण उठवणेही शक्य झाले. मुंबईत जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा, दोन्ही अदानी समूहाच्याच ताब्यात आहेत, आणि देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशामागे जुन्यावर 175 रुपये तर नव्यावर हंगामी म्हणून 620 रुपये यूडीएफ ठरले. गोव्यात दाभोळी सरकारी प्राधिकरणाकडे आणि मोपा खासगी कंपनीकडे असल्याने निदान दोन दुकाने तरी समोरासमोर आहेत. एवढ्या मोठ्या मुंबईच्या नशिबी तेही नाही.

भारतातील नियामक संस्था, म्हणजे एरा, दर ठरवण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून कोणाकडूनही हरकती मागवते, पण तेथे बोलतात ते मुख्यतः विमान कंपन्या आणि विमानतळचालक. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा चालू दर-कालखंड मार्च 2029 मध्ये संपतो. त्यापूर्वी येणाऱ्या पुढील कालखंडाच्या मसुद्यावर महाराष्ट्रातील ग्राहक संघटनांनी त्या 70 टक्क्यांचा हिशेब लेखी मागावा.