विजेपूर्वीचा पंचनामा (रेडिओ-मोटारीची जुळणी : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात गाडी उभी राहिली म्हणून आपण समाधान मानले. परंतु ज्यांनी त्याच रात्री बॅटरी जोडून रिमोटचा खटका ओढला असेल त्यांच्यापैकी कोणाची गाडी जागच्या जागी गुरगुरली असेल, कोणाची उलट धावली असेल, आणि एखाद्याची पुढची चाके पुढे व मागची चाके मागे जाण्याचा हट्ट धरून बसली असतील. हा शेवटचा चमत्कार माझ्या पहिल्या गाडीने दाखविला. टामिया या जपानी कंपनीची ती टीटी-०२ चासी, म्हणजे लांब दांड्याने चारही चाकांना गती देणारी. मी प्रथम मोटरीवर संशय घेतला, मग रेडिओवर, मग बिचाऱ्या दुकानदारावर. खरा मुद्देमाल मात्र पुढच्या गिअरबॉक्समध्ये स्वस्थ बसला होता, आणि तो तेथे ठेवणारा हात माझाच होता.

पुढच्या व मागच्या गिअरबॉक्समध्ये एकेक डिफरन्शियल, म्हणजे आसावरच्या दोन चाकांत गती वाटून देणारा जोड, असतो व दोन्ही दिसायला जुळे असतात. प्रत्येकाच्या एका अंगाला मोठे दातेचक्र असते. ती दोन्ही चक्रे गाडीच्या एकाच बाजूस असावीत असे नवशिक्याला वाटते, कारण सममितीची आवड मनुष्यस्वभावातच आहे. परंतु एकच दांडा पुढच्या चक्राला मागून भिडतो आणि मागच्या चक्राला पुढून, म्हणून चाके एका दिशेने फिरावयाची तर एक चक्र डावीकडे व दुसरे उजवीकडेच हवे. पुस्तिकेतील चित्र हे मुकाट्याने सांगत असते; आपण ते पाहतो, वाचीत नाही.

तपास वीज न जोडता करावा. मोटर काढून ठेवून गाडी उचलावी आणि मागची दोन्ही चाके एकदम पुढे फिरवावीत. पुढची चाकेही पुढेच फिरली पाहिजेत. मात्र एकच चाक फिरविले आणि त्याच आसावरचे दुसरे चाक उलट फिरू लागले, तर घाबरून गाडी खोलू नये, कारण वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने जाऊ देणे हे डिफरन्शियलचे कामच आहे आणि ते बजावीत असल्याची ती पावती आहे. दोन्ही डिफरन्शियल उलटे बसले असतील तर चाकांची आपसात तक्रार नसते, गाडी फक्त मागे धावते. अशा वेळी मोटरीच्या तारांची अदलाबदल करून वेळ निभावते खरी, पण कसूर पोटात ठेवून केलेला तो बंदोबस्त मला पसंत नाही.

खोलताना पेचांकडे लक्ष असावे. प्लॅस्टिकमध्ये पेच पहिल्यांदा शिरतो तेव्हा आपले आटे स्वतःच कोरतो, आणि परत घालताना सरळ दाबून फिरविला तर जुन्या आट्यांवर नवे आटे पडून भोक खलास होते. यास्तव पेच आधी उलटा फिरवावा. बारीकसा ‘टक्’ आवाज होऊन तो जुन्या वाटेत उतरला की मग सुलटा आवळावा, तोही बेताने. लांबीचाही घोळ होतो. ३ × ८ व ३ × १० मिलिमीटरचे पेच डोळ्यांना सारखेच भासतात; पुस्तिकेत त्यांची चित्रे प्रत्यक्षाएवढी छापलेली असतात, तेव्हा पेच चित्रावर आडवा ठेवून मापावा. जास्त लांबीचा पेच कित्येकदा पलीकडे निघून गिअरला अडतो व मोटरीवर नाहक आळ येतो.

सुकाणूचा दोष मात्र विजेवाचून उमगत नाही. रिमोट आधी, गाडी नंतर चालू करून, ट्रिम (चाकांचा मध्य किंचित इकडे-तिकडे सरकविणारी रिमोटवरची कळ) शून्यावर आणून सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरविणारी छोटी मोटर, मध्यावर येऊ द्यावा आणि मगच त्याचा हात बसवावा. पुष्कळ जण हात आधी बसवितात आणि मग ट्रिमने चाके सरळ करून घेतात. गाडी सरळ जातेही, पण डावीकडे ऐसपैस वळते आणि उजवीकडे वळताना भिंत गाठते. असे दिसताच सर्व्होच्या हाताचा पेच काढावा, हात एक-दोन दाते सरकवून पुन्हा घालावा, आणि उरलेल्या केसभर फरकापुरताच ट्रिम वापरावा. आता उरली बॉडी. तिला रंग अजून दिला नसेल तर उत्तमच. पारदर्शक पॉलिकार्बोनेटला तो आतल्या बाजूने कसा द्यावयाचा ते पुढच्या आठवड्यात पाहू.