आयत्या वेळचा विषय

सरकारी मराठीने आपल्याला बरेच शब्द दिले. त्यांत ‘ना हरकत दाखला’ हा मला सर्वांत नमुनेदार वाटतो. तो धड होकार नव्हे आणि नकारही नव्हे. आमच्याकडे बांधावरून कोणी विचारले, “काय, बरं हाय ना?” तर समोरचा म्हणतो, “काय नाय.” त्या ‘काय नाय’मध्ये सुखही असते, दुःखही असते आणि फार बोलायची इच्छा नसणेही असते. ना हरकत दाखल्याचे साधारण तसेच आहे. फरक एवढाच, की या ‘काय नाय’वर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का बसतो आणि मग त्याच्या आधारे शिवारातल्या ओढ्याची दिशा बदलू शकते.

मी राहतो तो भाग मुरबाड तालुक्यातला, धसईच्या आसपासचा. धसई हे वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. २०१६ च्या डिसेंबरात, नोटाबंदीच्या धामधुमीत, ‘कॅशलेस गाव’ म्हणून त्याचे नाव एकाएकी वृत्तपत्रांत झळकले. मंत्री आले, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे बसली, दूरचित्रवाणीचे कॅमेरे वडापावच्या गाडीपर्यंत पोचले. चार दिवस कौतुक झाले. ज्या गोष्टीने हा सारा टापू खरोखर बदलतो आहे, तिच्याकडे मात्र एकही कॅमेरा वळला नाही. ती गोष्ट म्हणजे जमीन. कल्याण-डोंबिवलीत दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला डोंगर दिसेल अशी चार गुंठे जागा हवी असते, आणि इथे पोराचे शिक्षण, पोरीचे लग्न, दवाखान्याचा खर्च यांपैकी काहीतरी दाराशी उभे असलेला शेतकरी ती द्यायला तयार असतो. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या नुसत्या चर्चेवर किती सातबारे फिरले असतील, ते तलाठ्यालाच ठाऊक. यात विकणारा खलनायक नाही, घेणाराही नाही. प्रश्न वेगळाच आहे. जमीन एकाची असली तरी पाणी, वाट आणि उतार हे साऱ्या गावाचे असतात. त्यांच्या वतीने बोलायचे कोणी?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने इमारतीच्या परवानगीचा विषय ग्रामपंचायतीकडे दिला. प्रत्यक्षात ही सत्ता गावठाणापुरती उरली. गावठाणाबाहेर, म्हणजे जिथे खरी उलाढाल चालते तिथे, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि त्याच वर्षीची जमीन महसूल संहिता यांचे राज्य. रेखांकन मंजूर व्हायचे ते जिल्हाधिकाऱ्यांकडून, नगररचना विभागाचा अभिप्राय घेऊन. ग्रामपंचायतीच्या वाट्याला आला तो अर्जासोबत जोडायचा एक कागद. त्यातही नंतर वजाबाकी होत गेली. महसूल संहितेत ४२ अ ते ४२ ड ही कलमे आली आणि गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीला वेगळ्या बिगरशेती परवानगीची गरज उरली नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. पाठोपाठ २०२१ मध्ये ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याची नगररचना कार्यालयाच्या खेपांतून सुटका झाली. ही सुटका चांगलीच झाली. एका घरासाठी गरीब माणसाने जिल्ह्याला आठ खेपा का घालाव्यात? पण सोय घरासाठी असते आणि तिच्या आडोशाने वसाहत उभी राहते, हेही आपण पाहत आलो आहोत.

इंग्लंडमध्ये याच जागी पॅरिश कौन्सिल असते. आपल्या ग्रामपंचायतीची ती विलायती मावशी म्हणा, १८९४ च्या कायद्याने जन्मलेली. तिलाही घर बांधण्याची परवानगी देण्याचा अधिकार नाही, तो वरच्या कौन्सिलकडे. मात्र पॅरिशने मागणी केली, की तिच्या हद्दीतील प्रत्येक अर्ज वरच्या कौन्सिलने तिला कळवलाच पाहिजे, आणि अभिप्रायासाठी एकवीस दिवस दिले पाहिजेत, असा नियम तिथे आहे. निर्णय तुमचा नाही, पण ऐकून घेण्याचा हक्क तुमचा आहे. यातले एकवीस दिवस मला महत्त्वाचे वाटतात. कारण आमच्याकडे त्याच कामाला अनेकदा एकवीस मिनिटेही मिळत नाहीत.

मासिक सभेच्या नोटिशीवर विषय छापलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, दिवाबत्ती, पाणीपट्टी. आणि शेवटी ठरलेली ओळ : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भूगोलाचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याने या एका ओळीखाली काय काय होऊन गेले ते आधी शोधावे. सभा संपत आलेली असते, चहा आलेला असतो, सदस्य उठायच्या बेतात असतात. अशा वेळी पिशवीतून एक अर्ज निघतो. गट नंबर वाचला जातो. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते मंजूर. ज्या ओढ्यावर खालच्या वाडीची भातखाचरे अवलंबून आहेत, तो त्या गटातून वाहतो हे कोणाच्या लक्षात येण्याआधी रजिस्टर मिटलेले असते.

मी शाळामास्तर होतो. निवृत्त झालो तरी मसुदा लिहून द्यायचे काम काही सुटले नाही. “गुरुजी, तेवढा ठराव नीट लिवून द्या,” असे म्हणत लोक येतात. त्यामुळे या परिसरातल्या एका गावची हकीगत मला जवळून पाहता आली. गावाचे नाव सांगत नाही. त्याने काही फरक पडणार नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत.

डोंगराच्या उताराला पाच-सहा एकरांचे रेखांकन यायचे होते. अर्ज मासिक सभेत आयत्या वेळी आला. पण एका महिला सदस्याने नकाशा बघायला मागितला, एवढ्यावर विषय अडला. नकाशात ओढा होता. केसाएवढी निळी रेघ, तीही अर्ध्यावर संपलेली. त्या बाई म्हणाल्या, “हा तर उन्हाळ्यातला काढलाय. आखाडात येऊन बघा म्हणावं.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. आमचे ओढे मार्चमध्ये गुरांची वाट असतात आणि जुलैत त्यांच्यात माणूस उभा राहू शकत नाही. मोजणी मार्चमध्ये होते.

विषय ग्रामसभेकडे गेला. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. पहिली सभा तहकूब झाली, कारण आवणीचे दिवस. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तेव्हा दहा माणसांतही काम उरकता आले असते. ते तसे झाले नाही, याचे श्रेय आदल्या दिवशीच्या महिला सभेला. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो सह्यांपुरता पाळतात. इथे बायका खरेच जमल्या, कारण विषय विहिरीचा होता. रेखांकनाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर गावाची पाणीपुरवठ्याची विहीर, आणि भूखंडागणिक एक बोअरवेल मारली जाणार, हे सांगायला कोणा भूजलतज्ज्ञाची गरज नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत टँकरमागे कळशी घेऊन धावणारीला ते कळते.

ग्रामसभेत तरुणांचा सूर एकच होता. विरोध करा, सरळ नाही म्हणा. टाळ्याही त्यालाच पडल्या. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, गप्प बसून होते. शेवटी ते म्हणाले, “नुसता विरोध लिहिला तर वर हा कागद फायलीला लागेल आणि तिथेच राहील. तुमची अडचण काय ती लिहा. ती त्यांना खोडून काढावी लागेल.” मला त्या सभेतले हे सर्वांत शहाणपणाचे बोलणे वाटले, आणि आजही वाटते. टेबलापाशी बसलेल्या अधिकाऱ्याला गावाच्या रागाचे करायचे काय, हा प्रश्न असतो. रागाला नियमावलीत रकाना नाही. ओढ्याला आहे, रस्त्याच्या रुंदीला आहे, वहिवाटीच्या वाटेला आहे.

मग चार मुद्दे झाले. ओढा पावसाळ्यात कुठपर्यंत पसरतो त्याची खूण, दोन आंब्यांच्या झाडांपासूनच्या अंतरासह. रेखांकनातून जाणारी पाणंद, जी नकाशात नव्हतीच. पण तिच्यावरून कातकरी वाडीची माणसे स्मशानात जातात आणि गुरे डोंगराला. तिसरा मुद्दा विहिरीचा. चौथा सांडपाण्याचा, ते उतारावरून कोणाच्या खाचरात येणार त्या गट नंबरांसकट. ठराव पाऊण पान झाला. त्यात ‘तीव्र विरोध’ हे शब्द नव्हते, म्हणून काही मंडळी नाराज झाली.

निकाल? परवानगी मिळाली. हे वाचून वाचकांची निराशा होईल, पण घडले ते असे. मात्र मंजूर नकाशात ओढ्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा सोडावी लागली आणि पाणंद खुली ठेवण्याची अट आली. विहिरीबद्दल एक अक्षर नव्हते. सांडपाण्याबद्दल ‘नियमानुसार व्यवस्था करावी’ असे एक वाक्य, ज्याचा अर्थ जो तो आपापल्या सोयीने लावतो. चारांपैकी दोन. आधी असे ठराव जवळजवळ रिकामे जात, हे लक्षात घेतले तर दोन थोडे नाहीत. आणि त्या वाडीतले प्रेत आजही त्याच वाटेने जाते.

ज्यांना गावाच्या शब्दाची खरी ताकद पाहायची आहे, त्यांना याच तालुक्यात काळू धरणाचा दाखला सापडेल. मुंबई महानगराच्या पाण्यासाठी कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने काळू नदीवर धरण योजले. त्यात जवळजवळ एक हजार हेक्टर वनजमीन जायची होती. २००६ चा वनहक्क कायदा, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ३ ऑगस्ट २००९ चे परिपत्रक, यांमुळे अशी जमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती लागत होती. इथे गावांनी विरोधाचे ठराव केले होते आणि वनमंजुरीही आलेली नव्हती. तरी २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. त्याच वर्षी केंद्राच्या वन सल्लागार समितीने प्रस्ताव नाकारला, आणि २०१३ मध्ये त्याच समितीने त्याची शिफारस केली! ठराव तेच, नदी तीच. त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि तिथल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पुढे २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम राज्यांकडे दिले, आणि केंद्राच्या मंजुरीआधीच ग्रामसभेची संमती हवी ही जुनी अट राहिली नाही. गावाच्या शब्दाचे वजन असे वरून कमीजास्त केले जाते. गावाला ते पुष्कळदा उशिरा कळते.

वजनातला हा फरक दोन शेजारच्या तालुक्यांतही दिसतो. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची मात्र काही गावेच. १९९६ चा पेसा कायदा जिथे लागू आहे, तिथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय सक्तीचा, आणि गौण खनिजाच्या खाणीला त्यांची शिफारस आधी हवी. एवढेच नव्हे, तर पाड्याला स्वतःची स्वतंत्र ग्रामसभा करता येते. मूळ गावाच्या गर्दीत ज्या कातकऱ्याचा, ठाकराचा आवाज पोचत नाही, त्याला स्वतःचे रजिस्टर मिळते. उलट पेसाच्या रेषेबाहेरच्या गावाचे मत म्हणजे फक्त मत. तेच आदिवासी, तोच डोंगर, एक रेघ मध्ये. आणि कायदा असला म्हणजे पुरले असेही नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी शहापुरातल्या गावांनी विरोध केला, ठराव केले. शेवटी जमिनीचा दर वाढला तसा विरोध ओसरत गेला, आणि ७०१ किलोमीटरांच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. विचारविनिमय शेवटी दरापाशी येऊन थांबतो, याचे मला नवल वाटत नाही. पोटाला चिमटा असलेल्या माणसाशी तुम्ही आणखी कशाचा विनिमय करणार?

तेव्हा माझे सारे लक्ष त्या पाऊण पानावर आहे. ग्रामपंचायतीला जास्त अधिकार हवेत की नकोत, यावर वाद घालता येतो. सरपंचाच्या दारी बांधकाम व्यावसायिकांची रांग लागलेली मला नको आहे, हे मी उघड सांगतो. पण जो अधिकार आज आहे तो नीट लिहिण्याचा आहे, आणि तो वापरायला फक्त सात दिवस आधी लागलेली नोटीस, नकाशाची एक प्रत आणि शिवार पायाखाली घातलेली दोन माणसे लागतात. नगररचनेच्या कचेरीत उपग्रहाचे चित्र असते. त्यात ओढा मावतो, स्मशानाची वाट मावत नाही.

त्या गावाने मागच्या वर्षी एक छोटा ठराव केला. बांधकाम आणि रेखांकनाचा कोणताही अर्ज यापुढे आयत्या वेळी घ्यायचा नाही. हा ठराव कायद्याच्या कसोटीला कितपत टिकेल, ते वकील जाणोत. परवा तिकडे गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुढच्या सभेची नोटीस लागली होती. विषय क्रमांक पाच, गट नंबरासह, रेखांकनाबाबत अभिप्राय देणे. खाली खडूने कोणीतरी लिहिले होते, “नकाशा कार्यालयात बघायला मिळेल.” आत दोन बायका बाकावर बसून तो उलटसुलट करून पाहत होत्या, आणि ओढा कुठून येतो यावर त्यांचे जोरात भांडण चालले होते.