मोजणीचा नकाशा आणि पहिले घर

मडके विकत घेताना आपण ते टिचकी मारून पाहतो. परंतु घरासाठी जन्माची पुंजी मोजताना भिंतींचा रंग आणि विहिरीचे पाणी पाहून पुष्कळजण समाधान मानतात. घर ज्या जमिनीवर उभे आहे ती कोठून कोठवर आपली होणार, हे कळण्याचे साधन म्हणजे मोजणी. गोव्यातील मिळकतीच्या उदाहरणावरून आज तिचा विचार करू.

पोर्तुगीज अमदानीतील नोंदणीपुस्तकांत मिळकतीचे नाव, क्रमांक आणि चतुःसीमा लिहिलेल्या आढळतात: पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस ओहोळ. भाट विकले गेले किंवा ओहोळाने पात्र बदलले, की हे शब्द दुबळे पडतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पुढे १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गावोगाव मोजणी होऊन जमिनीला सर्व्हे क्रमांक व पोटविभाग मिळाले. गावातील मिळकतीसाठी त्यातून दोन कागद आपल्या हाती येतात. एक, नमुना १ व १४ चा उतारा. दुसरा, मोजणीचा नकाशा.

उताऱ्यात क्षेत्रफळ, कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क यांच्या नोंदी असतात. इतर हक्कांचा रकाना अवश्य वाचावा. तेथे मुंडकाराचे नाव असेल, तर १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढून लावण्याविरुद्ध संरक्षण दिलेले आहे, हे विसरू नये. मात्र उतारा म्हणजे मालकीपत्र नव्हे. त्यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचे कागद यांवरून ठरते. ते जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावेत.

आता नकाशा. भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना प्रमाण शिकवितो, तेच येथे उपयोगी पडते. नकाशा एकास एक हजार या प्रमाणात असेल, तर कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील एक मीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ प्रत्यक्षात अर्धा मीटर जागा व्यापते! म्हणून जमिनीचा आकार, शेजार आणि रस्ता नकाशा दाखवील. कुंपण नेमके कोठे असावे, हे निव्वळ त्यावर पट्टी ठेवून सांगता येणार नाही.

समजा, वीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद, म्हणजे तीनशे चौरस मीटर जागेचा सौदा ठरला. शेजारची भिंत लांबीच्या बाजूने एकच मीटर आत आली असेल, तर वीस चौरस मीटर जागा गेली. दाम तीनशेचे, ताबा दोनशे ऐंशीचा. शिवाय पुढे खोली वाढवावयाची झाल्यास हद्दीपासून सोडावयाचे अंतरही अपुरे पडते, आणि शेजाऱ्याशी दावा लागतो तो निराळाच.

यावर उपाय एकच. खरेदीखत होण्यापूर्वी विकणाऱ्याकडून हद्द मोजणीचा अर्ज करवावा. मोजणीदार येईल त्या दिवशी स्वतः हजर राहावे, शेजाऱ्यांनाही बोलवावे. हद्दीचे दगड, मेर, कुंपण, पायवाट ही नकाशाशी ताडून पाहावी. वहिवाटीची वाट अंगणातून जात असेल, तर तिचा हक्क कोणाचा हे तेव्हाच विचारावे. एका पोटविभागाचा केवळ भाग विकत घेत असाल, तर तो कायदेशीररीत्या विभागून स्वतंत्र क्रमांक मिळेल की नाही, हे आधी पाहावे.

खत, उतारा, नकाशा आणि प्रत्यक्ष जमीन या चौघांची साक्ष जुळली पाहिजे. एकाचीही साक्ष निराळी पडली, तर सौदा थांबवावा. चार आठवडे उशीर झाला तरी चालेल. कारण पैसे दिल्यानंतर हीच विचारपूस न्यायालयात करावी लागते, आणि तेथे वर्षे जातात.