वॉटर पोलोपटूंच्या उभ्या उडीचे मापन

वॉटर पोलोपटूंच्या उभ्या उडीचे मापन म्हणजे खोल पाण्यात, तळाचा आधार न घेता, खेळाडू आपले शरीर पृष्ठभागाच्या वर किती उंच उचलू शकतो याची मोजणी होय. फटका मारणे, तो अडवणे, उंच पास झेलणे आणि विशेषतः गोलरक्षण यांसाठी ही क्षमता महत्त्वाची असते. गोलची रुंदी ३ मीटर असून १.५ मीटर किंवा त्याहून खोल पाण्यात त्याची आडवी दांडी पाण्यापासून ०.९ मीटर उंचीवर असते. 'उडी' हा शब्द येथे काहीसा सैलपणे वापरला जातो, कारण पाय पाण्यातच राहतात.

== उडीची यंत्रणा ==
जमिनीवर खेळाडू कठीण पृष्ठभागाला रेटा देतो. पाण्यात असा पृष्ठभाग नसतो. उंची टिकवण्यासाठी खेळाडू दोन्ही पाय आलटून पालटून वर्तुळाकार फिरवतो. अंडी फेटण्याच्या यंत्राच्या पात्यांशी साम्य असल्याने या क्रियेला 'एगबीटर किक' म्हणतात. प्रत्यक्ष उसळी घेताना मात्र दोन्ही पायांचा ब्रेस्टस्ट्रोकसारखा एकत्रित जोरदार फटका मारला जातो व हातही पाणी खाली दाबतात. शरीर जसजसे वर येते तसतसे त्याला मिळणारे उत्प्लावक बल घटते आणि पायांवरील भार वाढतो. त्यामुळे शेवटचे काही सेंटिमीटर सर्वांत कठीण ठरतात.

== मापनपद्धती ==
जमिनीवरील उडी बलमापक फलकाने किंवा हवेतील काळावरून मोजतात. गुरुत्वत्वरणाला त्या काळाच्या वर्गाने गुणून ८ ने भागले की उंची मिळते, उदाहरणार्थ, ०.५ सेकंदाला सुमारे ३१ सेंटिमीटर. पाण्यात पाय सुटण्याचा व टेकण्याचा क्षणच नसल्याने हे सूत्र लागू पडत नाही.

म्हणून पाण्यावर खुणा केलेली उभी पट्टी किंवा फळी टांगतात आणि खेळाडूने बोटांनी स्पर्श केलेला सर्वोच्च बिंदू नोंदवतात. लांब हातांच्या खेळाडूला यात आपोआप फायदा मिळतो. गोलरक्षकाची पोहोच पाहायची असेल तर तो तसाच ठेवणे योग्य. पायांची ताकद पाहायची असेल तर हाताची लांबी वजा करावी लागते. हे कोणते मोजमाप आहे ते नोंदीत स्पष्ट नसेल, तर दोन संघांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ ठरते. दुसरी पद्धत चित्रफितीची: कॅमेरा उडीच्या प्रतलाला काटकोनात ठेवून, ज्ञात लांबीच्या मापाच्या साहाय्याने डोक्याची किंवा खांद्याची उंची काढतात. लाटांमुळे पृष्ठभागाची रेषा हलत असल्याने शून्यबिंदू आधी ठरवावा लागतो. सुरुवातीची स्थिती, हातांचा वापर आणि चेंडू हातात आहे की नाही, या बाबीही प्रत्येक प्रयत्नात सारख्या असाव्या लागतात.

== जमिनीवरील चाचणीशी संबंध ==
ग्रीक संशोधक थिओडोरोस प्लाटानू यांच्या २००५ मधील अभ्यासात वॉटर पोलोपटूंची जमिनीवरील उडी व पाण्यातील उडी यांच्यात कमकुवत संबंध आढळला. व्यायामशाळेत उंच उडणारा खेळाडू पाण्यातही उंच येईल, हे गृहीत धरून गोलरक्षक निवडणे त्यामुळे धोक्याचे आहे. कंबरेच्या सांध्याची लवचिकता व पायांनी पाणी पकडण्याचे कौशल्य जमिनीवरील चाचणीत दिसतच नाही. नियमानुसार गोलरक्षकाला आपल्या क्षेत्रात तळावरून उडी घेण्याची मुभा आहे. खोल तलावात तिचा उपयोग होत नाही, पण उथळ तलावात चाचणी घेतल्यास निकाल फसवा ठरू शकतो.